द्राक्षाच्या काड्यांच्या बायोचारमधलं तांबं लेझरने झटपट कसं मोजायचं

एप्रिल छाटणी झाली की निफाड, दिंडोरी आणि तिकडे तासगाव-पलूस पट्ट्यात बांधावर काड्यांचे ढीग पडतात. पूर्वी सरळ पेटवून द्यायचे, आता बरेच जण ड्रममध्ये, खड्ड्यात नाहीतर कोन-टिकी (शंकूसारख्या उघड्या) भट्टीत त्याचा बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला जमिनीत टाकायचा कोळसा, करतात, आणि ते चांगलंच आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवायला हवी, या काड्यांवर वर्षभर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, पडलेलं असतं. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, आणि १ किलो मोरचुदात साधारण २५५ ग्रॅम शुद्ध तांबं. पानं गळून जातात पण सालीवर बसलेलं तांबं काडीबरोबर भट्टीत जातं, आणि ४००-६०० अंशांना तांबं काही उडून जात नाही. १०० किलो सुक्या काड्यांचा ३० किलो बायोचार झाला असं धरा, काडीत ४० पीपीएम (किलोला ४० मिलिग्रॅम) तांबं असलं तर बायोचारमध्ये ते १३३ पीपीएम होतं. वजन घटलं, धातू तेवढाच राहिला.

आता युरोपियन बायोचार सर्टिफिकेटची शेतीसाठीच्या वर्गात तांब्याची मर्यादा आहे १०० मिग्रॅ प्रति किलो आणि सेंद्रिय शेतीच्या वर्गात ७०. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला ३०० चालतं. म्हणजे तुमचा माल कुठे जाणार यावर ठरतं की तो पास की नापास, पण मोजल्याशिवाय बोलताच येत नाही. मोजायची नेहमीची वाट म्हणजे नमुना ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी या प्रयोगशाळेतल्या धातू मोजायच्या यंत्रावर लावणं, ती अचूक आहे, पण खर्चिक आहे, रांग असते, आणि बायोचार ॲसिडमध्ये सहजासहजी विरघळत नाही हे ज्यांनी केलंय त्यांना माहिती आहे, नायट्रिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तरी काळा गाळ खाली शिल्लक राहतोच. ५० शेतकऱ्यांच्या ५० भट्ट्या असल्या तर प्रत्येक घाण्याला हे परवडत नाही.

इथे लिब्स (लेझर-इन्ड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी) कामाला येतं. लेझरचा एक बारीक झटका नमुन्यावर मारायचा, तिथला कणभर भाग १० हजार अंशांच्या वर तापून प्लाझ्मा होतो, तो थंड होताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक रंगाचा प्रकाश सोडतं, तो स्पेक्ट्रोमीटरने वाचायचा. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक सापडलं ते याच पद्धतीच्या यंत्राने, आणि ते यंत्र बंगळुरूच्या इस्रोच्या लिओस प्रयोगशाळेत बनलेलं. मंगळावर नासाची क्युरिऑसिटी रोव्हर २०१२ पासून हेच करतेय. तिकडे ॲसिड न्यायची सोय नाही म्हणून लेझर नेला, आपल्याला ॲसिडची कटकट कमी करायची म्हणून.

पण सुरू करायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. लिब्स हे चाळणीचं काम करतं, निकाल देण्याचं नाही. तांबं, क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश यात ते मजबूत आहे. त्याच युरोपियन सर्टिफिकेटच्या शेती वर्गात कॅडमियमची मर्यादा दीड पीपीएम आहे, आर्सेनिकची १३, पाऱ्याची १, आणि साध्या लिब्सला बायोचारमध्ये एवढं खालचं काही दिसत नाही. म्हणून कोणी तुम्हाला एकाच शॉटमध्ये सगळे जड धातू मोजून देतो म्हणाला तर त्याला आधी कॅडमियमची शोधमर्यादा, म्हणजे कमीत कमी किती दिसतं, ते विचारा.

आता पद्धत. मी ती तांब्यासाठीच सांगणार आहे, कारण द्राक्षात खरा प्रश्न तांब्याचा आहे, बाकी धातूंचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

पहिलं काम नमुना घेणं, आणि माझ्या मते निम्मी चूक इथेच होते. तांबं सालीवर असतं, आणि साल जळल्यावर भुगा होऊन ढिगाच्या तळाला जाते, वर राहतात आतल्या लाकडाचे मोठे तुकडे. वरून मूठभर उचललं तर तांबं कमी येणार, खालची भुकटी घेतली तर भरपूर येणार. म्हणून ढीग आधी फावड्याने दोनदा उलटापालटा करा, मग वेगवेगळ्या १५-२० ठिकाणांहून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं घेऊन ५-६ किलो एका ताडपत्रीवर जमवा. त्याचा शंकू करायचा, चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे बाकीचे परत ढिगात, असं करत करत अर्ध्या किलोवर आणा. भट्टी कशाने विझवली तेही वहीत लिहा, क्षारपड बोअरचं पाणी मारलं असलं तर कॅल्शियम आणि सोडियम वाढलेलं दिसेल आणि मग तुम्ही त्याचं कारण शोधत बसाल. ताजा बायोचार गोणीत भरायची घाई करू नका, आत धग राहिली तर पुन्हा पेटतो.

मग वाळवणं. १०५ अंशांना ओव्हनमध्ये, दोन वजनं सारखी येईपर्यंत, साधारण एक रात्र. बायोचार हवेतली ओल पटकन ओढतो म्हणून बाहेर काढल्यावर सरळ डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात), पावसाळ्यात तर जास्तच काळजी घ्या. ओला नमुना असला की लेझरची ताकद पाणी उडवण्यातच जाते, प्लाझ्मा थंड पडतो, आणि तोच नमुना सकाळी एक आकडा देतो संध्याकाळी दुसरा.

दळण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. स्टीलच्या मिक्सरमध्ये दळू नका, बायोचार दिसायला ठिसूळ आहे पण त्यातली राख आणि सिलिका पात्याला घासते आणि लोह, क्रोमियम, निकेल नमुन्यात येतं. अकीकचा खलबत्ता सगळ्यात चांगला, झिर्कोनियाचा बॉल मिल असेल तर उत्तम. आणि चाळणी! आमच्याकडे सुरुवातीला एक संपूर्ण आठवड्याचे नमुने फेकून द्यावे लागले, सगळ्यांत तांबं आणि जस्त दोन्ही वर येत होतं, कोरा नमुना म्हणून घेतलेल्या बाभळीच्या कोळशातसुद्धा. शेवटी कळलं की चाळणीची जाळी पितळेची होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच, आणि आम्ही ब्रशने घासून घासून त्यातून पावडर काढत होतो. तेव्हापासून नायलॉनच्या जाळीचीच चाळणी. १०० मायक्रॉनच्या खाली सगळा नमुना जायला पाहिजे, सगळा म्हणजे सगळा, वर राहिलेलं टाकून द्यायचं नाही, परत खलात घालून दळायचं, नाहीतर लाकडाचा भाग टाकला जातो आणि सालीचा भाग उरतो. या सगळ्यात मास्क घाला, ही काळी पावडर फार हलकी असते आणि नाकातोंडात जाते.

आता पेलेट. सुटी पावडर लेझरखाली ठेवली तर पहिल्याच शॉटला उडून लेन्सवर बसते, म्हणून दाबून टिकली करायची. बायोचार स्वतःहून चिकटत नाही, काढताना तुटतो, त्यामुळे बांधणीला काहीतरी लागतं. आम्ही मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज वापरतो, चार भाग बायोचार एक भाग सेल्युलोज वजनाने, दोन्ही खलात ५ मिनिटं घोटून. काही जण पोटॅशियम ब्रोमाइड घालतात, टिकली छान होते पण मग पोटॅश मोजायचं विसरा. १३ मिलीमीटरचा डाय (साचा), पाऊण चमचाभर मिश्रण, ८ टनांचा दाब, ३ मिनिटं, आणि दाब एकदम सोडू नका, हळूहळू सोडा, नाहीतर वरचा थर पापडासारखा सुटतो. एका नमुन्याच्या तीन टिकल्या करा. सेल्युलोजने तांबं पातळ होतं हे खरं पण स्टँडर्डमध्येही (तांबं किती ते आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या नमुन्यांत) तेवढंच घातलं की हिशोब जुळतो, फक्त प्रमाण एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

स्टँडर्ड हा या कामाचा कणा आहे, त्याला एक दिवस द्या. लिब्स स्वतःहून पीपीएम सांगत नाही, ते फक्त प्रकाश किती आला ते सांगतं, तो प्रकाश म्हणजे किती तांबं हे तुम्हालाच शिकवावं लागतं, आणि तेही त्याच जातीच्या बायोचारवर. मातीच्या स्टँडर्डवर बायोचार मोजायचा नाही. तुसाच्या बायोचारमध्ये सिलिका भरपूर असते, काड्यांच्या बायोचारमध्ये कॅल्शियम, कोंबडीखताच्या बायोचारमध्ये फॉस्फरस आणि राख भरपूर, प्रत्येकावर लेझर वेगळा खड्डा पाडतो आणि प्लाझ्मा वेगळा तापतो. एका कच्च्या मालाला एक कॅलिब्रेशन, यात तडजोड नको.

करायचं असं. तुमच्या काड्यांच्या बायोचारमधला सगळ्यात कमी तांब्याचा नमुना घ्या, आयसीपीवर त्याचा आकडा काढून आणा, समजा तो ३० आला. मग एआर ग्रेडचं कॉपर सल्फेट, हो तेच मोरचूद पण शुद्ध, ३.९३ ग्रॅम घेऊन १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, हे झालं लिटरला १००० मिलिग्रॅम तांब्याचं द्रावण. १० ग्रॅम बायोचारमध्ये ०.५ मिलि घातलं की किलोला ५० मिलिग्रॅम तांबं वाढलं. अशा सहा वाट्या करा, शून्य, २५, ५०, १००, २००, ४०० वाढवलेल्या, म्हणजे ०, ०.२५, ०.५, १, २ आणि ४ मिलि द्रावण, आणि प्रत्येक वाटीत एकूण पाणी १० मिलि होईल असं डिस्टिल्ड पाणी वरून घाला म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक मिळते. बायोचार पाणी पटकन घेत नाही, वर तरंगतो, काचेच्या कांडीने दहा मिनिटं घोटत राहा, लगदा झाला पाहिजे. मग ८० अंशांना वाळवायचं आणि मधेमधे तीन-चार वेळा ढवळायचं. हे ढवळणं टाळू नका, कारण पाणी वरून उडतं आणि जाताना तांबं पृष्ठभागावर ओढून नेतं, वाळल्यावर वरची पापडी तांब्याने भरलेली आणि खाली काहीच नाही असं होतं. शेवटी १०५ ला वाळवून परत खलात दळा, परत चाळा, मग टिकल्या. वाटीवर लिहायचा आकडा म्हणजे मूळचे ३० अधिक घातलेलं, म्हणजे ३०, ५५, ८०, १३०, २३०, ४३०.

पण बाहेरून घातलेलं तांबं आणि भट्टीतून आलेलं तांबं अगदी सारखं वागत नाही. म्हणून या सहांच्या जोडीला आयसीपीवर मोजलेले ८-१० खरे, शेतकऱ्यांकडून आलेले नमुने हवेतच, कमी ते जास्त सगळ्या टप्प्यांतले. त्यातले निम्मे कॅलिब्रेशनमध्ये घाला, निम्मे बाजूला झाकून ठेवा आणि शेवटी त्यांच्यावर स्वतःची परीक्षा घ्या.

आता यंत्राकडे वळू, पण त्याआधी डोळे. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर डोळ्याला दिसत नाही आणि डोळ्याचं भिंग तो सरळ रेटिनावर एकवटतं, पापणी मिटायच्या आत नुकसान झालेलं असतं आणि ते भरून येत नाही. हा क्लास ४ लेझर आहे. खोलीत असलेल्या प्रत्येकाला १०६४ साठीच लिहिलेला गॉगल हवा, ५३२ वापरत असाल तर त्याचाही, साधा काळा चष्मा चालत नाही. हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा, त्यावरून परावर्तन होतं. चेंबरचं झाकण उघडलं की लेझर बंद होणारा इंटरलॉक कधीही बायपास करू नका, कितीही घाई असू द्या. आणि चेंबरला एक छोटा एक्झॉस्ट लावा, धातूचा धूर असतो तो.

लेझर आणि स्पेक्ट्रोमीटर अर्धा तास तापू द्या. पाऱ्याच्या दिव्याने तरंगलांबी तपासा, २५३.६५, ४३५.८३ आणि ५४६.०७ नॅनोमीटर या लाईन (स्पेक्ट्रममधल्या ठराविक रंगाच्या रेषा) जागेवर आहेत ना बघा, अर्धा नॅनोमीटर सरकलेलं असेल तर तुम्ही तांब्याच्या नावाखाली दुसरंच काहीतरी मोजाल. आमची सेटिंग सांगतो, तुमच्या यंत्रावर थोडी इकडेतिकडे होईल: शॉटची ऊर्जा ५० मिलिजूल, पल्स ८ नॅनोसेकंदांची, वेग सेकंदाला १० शॉट, १०० मिलीमीटरची लेन्स. फोकस बरोबर पृष्ठभागावर ठेवू नका, दोनेक मिलीमीटर टिकलीच्या आत ठेवा, म्हणजे टिकली लेन्सला थोडी जवळ. फोकस वर राहिला तर हवेतच ठिणगी पडते आणि निम्मी ताकद तिथेच जाते, आवाजावरूनसुद्धा कळतं, नीट बसलेला शॉट टणक वाजतो.

शॉट पडल्या पडल्या जो प्रकाश येतो तो नुसता पांढरा झगमगाट असतो, त्यात काही वाचता येत नाही, म्हणून साधारण १ मायक्रोसेकंद थांबून मग वाचायला सुरुवात करायची. ०.५, १, १.५, २, ३ मायक्रोसेकंद अशा पाच डिलेवर (थांबण्याच्या वेळांवर) एकाच टिकलीवर मारून बघा आणि जिथे तांब्याची लाईन मागच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत सगळ्यात उठून दिसते तो डिले पक्का करा. छोट्या सीसीडी स्पेक्ट्रोमीटरमध्ये वाचनाचा काळ १ मिलिसेकंदाच्या खाली जात नाही, काही हरकत नाही, डिले बदलता आला तरी पुरतं.

तांब्याच्या दोन लाईन वापरायच्या, ३२४.७५ आणि ३२७.४०. आणि यात एक सुंदर तपासणी दडलेली आहे जी मला फार आवडते. या दोन लाईनचं एकमेकांशी प्रमाण साधारण २ ला १ असायला पाहिजे, हे अणूच्या रचनेतूनच येतं. तांबं जास्त झालं की प्लाझ्माच्या बाहेरचा थंड थर ३२४.७५ चा प्रकाश परत गिळायला लागतो, ही लाईन जास्त जोरकस म्हणून ती आधी गिळली जाते, आणि प्रमाण २ वरून १.७, १.५ असं खाली यायला लागतं. म्हणजे कुठल्याही स्टँडर्डशिवाय, नुसतं प्रमाण बघून तुम्हाला कळतं की आता तांबं आणि प्रकाश यांचा कर्व्ह वाकतोय आणि सरळ रेषेवर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक टिकलीला हे प्रमाण शीटमध्ये लिहाच. ते घसरलं असेल तर ३२७.४० वर काम करा, तेही घसरत असेल तर नमुना सेल्युलोजने आणखी निम्मा पातळ करा आणि स्टँडर्डही तसेच पातळ करून घ्या.

शॉट मारताना एकाच जागी धरून बसू नका. लेझरचा ठिपका जेमतेम १०० मायक्रॉनचा, त्याच्याखाली सालीचा कण आला की तांबं उसळतं आणि लाकडाचा आला की काहीच नाही. एका टिकलीवर २० जागा, जाळीसारख्या आखून, प्रत्येक जागी पहिले ३ शॉट साफसफाईचे म्हणून सोडून द्यायचे आणि पुढचे १० घ्यायचे. असे २०० शॉट म्हणजे मोजणीचे २० सेकंद, जागा बदलण्याचा वेळ धरून दोन-तीन मिनिटं. तीन टिकल्या म्हणजे एक नमुना दहा मिनिटांत झाला. दर दहा टिकल्यांनी लेन्स बघा, काळं बसलेलं असतं, पुसा.

आकडेमोड. आधी डार्क (लेझर न मारता घेतलेलं वाचन) वजा करा, मग लाईनच्या दोन्ही बाजूंची सपाट जागा घेऊन पार्श्वभूमी वजा करा, मग लाईनखालचं क्षेत्रफळ घ्या, नुसती उंची नको. २० जागांपैकी एखादी फारच वेडीवाकडी असेल, म्हणजे एकूण प्रकाशच निम्मा असेल, तर ती काढा. पण तांबं जास्त आलं म्हणून जागा काढायची नाही! तो सालीचा कण खरा आहे, तो तुमच्या नमुन्यातच आहे, तो काढला तर तुम्ही प्रश्नच काढून टाकला. काढायचा निकष एकूण प्रकाश, तांबं नाही.

शॉटगणिक ताकद थोडी कमीजास्त होते म्हणून भागाकार लागतो. बरेच जण कार्बनच्या २४७.८६ ने भागतात, बायोचारमध्ये कार्बन भरपूर म्हणून सोपं वाटतं, पण दोन अडचणी आहेत, त्याच्या अगदी शेजारी लोहाच्या लाईन आहेत आणि दुसरं म्हणजे राख वाढली की कार्बन घटतो, म्हणजे ज्याने भागताय तेच हलतंय. मला एकूण स्पेक्ट्रमच्या प्रकाशाने भागणं जास्त भरवशाचं वाटतं. दोन्ही करून बघा आणि झाकून ठेवलेल्या नमुन्यांवर जे कमी चुकतं ते ठेवा. मग एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर पीपीएम, उभ्यावर हा भागलेला आकडा, सरळ रेषा.

शोधमर्यादा काढायला सगळ्यात कमी तांब्याची टिकली दहा वेळा मोजा, त्या दहांचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्या, तिप्पट करा, रेषेच्या उताराने भागा. उदाहरणार्थ डेव्हिएशन ४० काउंट आणि उतार दर पीपीएमला १२ काउंट असेल तर १२० भागिले १२ म्हणजे १० पीपीएम. मर्यादा १०० ची असताना १० ची शोधमर्यादा छान आहे, ५० आली तर आधी दळणं आणि फोकस तपासा, यंत्राला दोष नंतर द्या.

पीएलएस (अख्ख्या स्पेक्ट्रमवरून आकडा काढायची सांख्यिकी पद्धत) किंवा मशीन लर्निंग लावायचा मोह होतो, लावा, पण नमुने ३०-४० तरी असू द्या आणि एक चूक टाळा. एकाच टिकलीचे काही स्पेक्ट्रा शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले तर खऱ्या आणि काढलेल्या आकड्यांचा मेळ १ पैकी ०.९९ येतो आणि सगळे खूश होतात, पण तो नुसता पाठांतराचा मार्क आहे. वाटणी नमुन्यानुसार करायची, एका शेतकऱ्याचा अख्खा नमुना इकडे नाहीतर तिकडे.

आता निर्णय कसा घ्यायचा. समजा झाकलेल्या नमुन्यांवर तुमची चूक २०-२५ टक्क्यांत राहते आणि मर्यादा १०० आहे. मी ७० च्या खालचा माल पुढे जाऊ देतो, १३० च्या वरचा बाजूला काढतो, आणि मधला सगळा आयसीपीला पाठवतो. शिवाय पास झालेल्यांपैकीही दर दहातला एक आयसीपीला जातोच. ५० पैकी १२-१५ नमुनेच ॲसिडच्या वाटेने गेले तरी केवढा वेळ आणि पैसा वाचला बघा. सर्टिफिकेटवर मात्र आयसीपीचाच आकडा जाणार, लिब्सचा नाही, हे शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा.

बाकी धातूंचं पटकन. क्रोमियमच्या ३५७.८७ लाईनवर जाऊ नका, बायोचारचा कार्बन आणि हवेतला नायट्रोजन मिळून सायनोजनचा पट्टा बरोबर तिथे येतो, ४२५.४३ घ्या. शिशाला ४०५.७८, पण शेजारी मँगॅनीज बसलंय, ते तपासा, विशेषतः रंग दिलेलं जुनं लाकूड भट्टीत गेल्याचा संशय असेल तेव्हा. जस्ताची २१३.८६ चांगली आहे पण साधी फायबर केबल एवढा खालचा अतिनील प्रकाश खाऊन टाकते, अतिनीलसाठीची केबल लागते. कॅडमियमची २२८.८० आणि आर्सेनिकची २२८.८१ एकमेकांवर चढलेल्या आहेत, तिथे काही दिसलं तरी कोणाचं ते कळणार नाही, हे दोन्ही आणि पारा सरळ आयसीपी-एमएसला, म्हणजे अगदी कमी प्रमाणही मोजणाऱ्या आयसीपीला. क्रोमियम आणि निकेल दोन्ही एकदम वाढलेले दिसले तर बायोचारवर आरोप करण्याआधी दळणाचं भांडं आणि भट्टीचा पत्रा बघा.

शेतकऱ्याला आकडा सांगताना एवढं जरूर सांगा की लिब्स एकूण तांबं सांगतं, मुळांना मिळणारं नाही. बायोचार अल्कधर्मी असतो, तांबं धरून ठेवतो, मुळांना मिळणाऱ्यासाठी मातीची डीटीपीए चाचणी वेगळी करावी लागते. आणि प्रमाणही समजावून सांगा. १५० पीपीएमचा बायोचार एकरी २ टन टाकला तर ३०० ग्रॅम तांबं जमिनीत गेलं. एकरी ४०० लिटर १ टक्का बोर्डो मारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलोच्या वर तांबं, एका फवारणीत. म्हणजे त्याच बागेचा बायोचार त्याच बागेत परत टाकला तर नवीन काही भर पडत नाही, पण तोच माल सेंद्रिय भाजीपाल्याच्या शेताला विकायचा असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी होते, आणि तिथे ७० चा आकडा पाळलाच पाहिजे. हे ऐकल्यावर बरेच जण स्वतःच विचारतात की मग तांबं कमी कसं करता येईल, तर लाकडाचे जाड तुकडे आणि बारीक सालीचा भुगा वेगळा चाळून ठेवा, दोन्ही वेगवेगळे मोजा, बऱ्याचदा जाड माल आरामात पास होतो.

शेवटचं काम रोजचं आहे. १३० पीपीएमच्या स्टँडर्डच्या डझनभर टिकल्या जास्तीच्या करून डेसिकेटरमध्ये ठेवा, रोज सकाळी पहिली मोजणी त्यातल्या एकीची आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा. ११७ ते १४३ च्या मध्ये आली तर पुढे जा, बाहेर गेली तर आधी लेन्स पुसा, मग फोकस, मग लेझरची ऊर्जा मीटरवर तपासा, आणि आकडा जागेवर येईपर्यंत कोणाचाही नमुना लावू नका. उरलेली पावडर लेबल लावून वर्षभर जपून ठेवा, त्यावर गावाचं नाव, छाटणीची तारीख आणि शेवटची बोर्डोची फवारणी कधी झाली ते लिहिलेलं असू द्या.